तापलेलं लोहचुंबक

आई फौंड्रीबाहेर टाकलेल्या काळ्या वाळूतून लोखंडाचे तुकडे वेचायची. जुन्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक दोरीला बांधून वाळूवरून फिरवायची. चिकटेल त्यावर आमचं घर चालायचं. एकदा ते चुंबक माझ्या हातून भट्टीतून काढलेल्या धगधगत्या मळीवर पडलं. बाहेर काढलं तर टाचणीही उचलेना. दुसरं मिळेपर्यंत आईने हाताने तुकडे वेचले. बोटं सोलून निघाली. उष्णतेने चुंबक मरतं, हे मी तिथे शिकलो. पुस्तकात नंतर वाचलं.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. नव्वदच्या दशकात पीएचडीसाठी अमेरिकेत इलिनॉयला गेलो, आणि माझ्या गाइड सरांनी विषय काय द्यावा? हार्ड डिस्कवर जास्त माहिती मावावी म्हणून चुंबकीय चकती तापवायची! सर म्हणाले, माहितीच्या चुंबकीय खुणा फार बारीक केल्या की आपोआप पुसल्या जातात. न पुसू देणारा हट्टी पदार्थ घ्यावा, तर त्यावर लिहिताच येत नाही. म्हणून लेझरने ठिपका क्षणभर तापवायचा आणि तेवढ्यात लिहायचं. मी मान डोलावली. पटलं काहीच नाही.

सरांनी बजावलं, "टर्म संपायच्या आत टिकणारी एक खूण दाखव. नाहीतर विषय दुसऱ्याला देईन."

महिनाभर काही उमटेना. शेजारच्या टेबलावरचा नागपूरचा सीनियर हसायचा. "अबे, लेझर आहे की तूप? थेंबथेंब काय वाढतो! पॉवर वाढव ना यार."

खरं होतं. लेझरच्या नॉबला हात लावला की ती मळी आठवायची. खूण लिहिणारं, चकतीच्या वरचं विजेचं चुंबकही तापेल या भीतीने मी ते लेझर थांबायच्या आधीच बंद करायचो.

रविवारी गावाकडच्या शेजाऱ्यांच्या फोनवर आई मिळाली. चुंबकाची चकती तापवतोय, असं तिला सांगितलं.

"तापवतोस? आपलं कसं मेलं, विसरलास?"

"तेच तर कळत नाहीये गं."

ती म्हणाली, "लालबुंद तुकडा पण चिकटायचा नाही बघ. चुंबक वर धरून बसायचं. गार झाला की आपणहून उडी मारायचा."

सोमवारी मी पॉवर वाढवली, आणि ठिपका गार होईपर्यंत वरचं चुंबक चालू ठेवलं. खूण उमटली. मारणारी उष्णताच लिहिते कशी, हे तेव्हाही मला पुरतं उलगडलं नव्हतं. नंतर कळलं, तापला की ठिपका हट्ट सोडतो, आणि गार होताना वर जे चुंबक असेल त्याचीच खूण धरून बसतो.

टर्म संपायच्या आधी सरांनी आठवडाभर जुनी खूण स्वतः वाचून पाहिली. ती टिकली होती. विषय माझ्याकडेच राहिला, आणि त्याच कामावर मला पीएचडी मिळाली.