मागील दारच्या खारी

खारींचं कौतुक मला कुणी सांगू नये. पाहुणे येतात, मागील दारी खुर्ची टाकून बसतात आणि "अय्या, किती गोड" म्हणत फोनवर व्हिडिओ काढतात. गोड! या गोड जनावरांनी माझ्या वाळत घातलेल्या आमसुलांत थयथयाट केलाय, पंपाची वायर कुरतडलीय आणि उन्हात टाकलेल्या गादीतला कापूस ओढून माळ्यावर संसार थाटलाय. तेही मी सोसलं. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या आमच्या वस्तीत प्रत्येक घरामागे थोडी झाडं असतात आणि झाडं म्हटली की कुरतडणारं कोणीतरी असायचंच. पण त्या नारळाच्या मागे लागल्या आणि माझा जीव मेटाकुटीला आला.

मागील दारचा माड ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, निवृत्त झाल्यावर लावला होता. ह्यांच्या गावची रीत अशी की नव्या माडाचं पहिलं फळ ग्रामदेवतेला द्यायचं. तोवर त्या माडाचा नारळ घरात कुणी फोडायचा नाही. आणि फळ अख्खं हवं, उष्टं चालत नाही. खारींना ही रीत कोण सांगणार? घोसातली फळं जरा बाळसं धरू लागली की त्या भोक पाडायच्या, आतलं कोवळं खोबरं खायच्या आणि पोकळ फळ खाली टाकून द्यायच्या. सगळा पहिला घोस असा गेला, मग दुसरा. दारात माड असून मी बाजारातून नारळ आणत होते.

एव्हाना ह्यांचं हृदय थकलं होतं. खाटेवरून उठून मागील दारापर्यंत आले तरी धाप लागायची. पण हेका एकच.

"पहिला नारळ मीच नेणार देवाकडे."

देऊळ गावात, टेकडीवर. गाडी खालीच थांबते.

"आणि चढणार कसे?" मी विचारायची.

"चढेन कसाही. तुला काय करायचाय?"

मला काय करायचं होतं! औषधं मी द्यायची, अळणी जेवण मी रांधायचं, अळणी झालं म्हणून बोलणी मीच खायची, आणि वर खारींवर पहाराही मीच ठेवायचा. मला त्या दिवसांत सगळ्याचाच कंटाळा आला होता. ह्यांचासुद्धा. लिहायला बरं वाटत नाही, पण आला होता.

कुणी म्हणालं, खोबऱ्याच्या तुकड्यात उंदराचं औषध घालून ठेवा. हे खाटेवरून ओरडले, "नोकरीभर कायद्याने वागलो, आता खारींपायी गुन्हेगार होऊ काय? आधी विचारून ये." म्हणून मी वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथला वनरक्षक माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, माकडांच्या तक्रारींनी आमचं डोकं उठलंय आणि तुम्ही खारी घेऊन आलात?" पण माणूस चांगला होता. विष घालायचं नाही, मारायचं नाही, पिंजरा लावून पकडायचं नाही, हे त्याने नीट समजावलं. मग म्हणाला, "त्यांना चढूच देऊ नका. खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळा. आणि माडाला लागलेल्या फांद्या छाटा."

वस्तीतले नारळ काढायला येतो त्या पाडेल्याकडून मी पत्रा मारून घेतला. पहिल्या दिवशी खारी निम्म्यावर चढून घसरायच्या. हे खिडकीतून बघून इतके हसले की हसता हसता खोकला लागला आणि मला पाणी घेऊन धावावं लागलं. दुसऱ्या दिवशी खारी पुन्हा माडावर. शेजारच्या हापूसची एक फांदी आमच्या कुंपणावरून येऊन माडाच्या झावळ्यांना टेकली होती, तिच्यावरून त्या आरामात ये-जा करू लागल्या. मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासेमारीचं जुनं जाळं आणवून घोसावर बांधलं. तेही कुरतडलं.

फांदी छाटली की झालं असतं. पण ती मोहराने भरली होती. आमच्याकडे मोहर आला की माणसं आभाळाकडे बघतातसुद्धा भीत भीत. नुसतं ढगाळलं तरी मोहर गळतो. अशा फांदीला कोयता लावणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं. तरी मी शेजाऱ्यांकडे गेले. ते ह्यांच्याच वयाचे. त्या कलमांवर त्यांचं वर्ष चालतं.

"मोहराची फांदी तोडू?" त्यांचे डोळे मोठे झाले. "वहिनी, डोका फिरला की काय तुमचा?"

"भावोजी, नारळ राहत नाही हो एकही."

"आंबा उतरू दे. मग फांदी काय, म्हणाल तिथवर छाटून देतो. ह्या साली नाय तर पुढच्या साली नेतील देवाला. माड काय पळून जातोय?"

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. घरी येऊन ह्यांना सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. ह्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

थोड्या दिवसांनी एका दुपारी शेजारी ह्यांना बघायला आले. खुर्ची ओढून बसले, मोहराचं बोलले, तुडतुड्यांचं बोलले. ह्यांना उत्तर द्यायचं असायचं, पण अर्ध्या वाक्यात श्वास संपायचा. मग हे हाताने "थांब" अशी खूण करायचे आणि उरलेलं वाक्य सोडून द्यायचे. मी चहा घेऊन आले तर खुर्ची रिकामी. न सांगताच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयत्याचे घाव ऐकून मी मागील दारी धावले. शेजारी शिडीवर होते. फांदी कुंपणाच्या अलीकडे आमच्या अंगणात पडली होती, मोहरासकट. माश्या अजून तिच्यावर घोंघावत होत्या.

"झाला, वहिनी. आता नाय यायच्या," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

आभार मानायला हवे होते. मला मात्र त्यांचा संताप आला. कुणी सांगितलं होतं तोडायला? पुढच्या साली म्हणाला होतात ना? रोज ह्यांच्या तळहातावर गोळ्या मी ठेवत होते, आणि मला जे बघायचं नव्हतं ते हा माणूस एका दुपारी बघून गेला होता.

आत आले तर हे जागे होते.

"कसला आवाज?"

"आंब्याची फांदी तोडली त्यांनी."

"मोहर होता ना तिच्यावर?"

"होता."

बाहेर शिडी उचलून नेल्याचा आवाज आला.

"नारळ तयार झाला," हे म्हणाले, थांबले, श्वास घेतला, "की तू ने हां देवाकडे."

लग्न झाल्यापासून ह्यांच्या एकाही वाक्याला मी सरळ हो म्हटलं नव्हतं. "आणि तुम्ही कुठे निघालात?" असं ओठांवर आलंही.

"नेईन," मी म्हटलं.