वाट विचारणारे साडू

पत्ता माहीत नसलेला माणूस भेटला की ज्याला मनापासून आनंद होतो, असा गृहस्थ जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू नागपूरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात वायरलेस शिकवायचे आणि वर्षानुवर्षं पीएच.डी.च्या एकाच प्रबंधाला चिकटून होते. तार नाही, केंद्र नाही, नुसती धावत्या गाड्यांवरची यंत्रं. तर एकाचा निरोप दुसऱ्या-तिसऱ्याकरवी शेवटच्यापर्यंत पोचवायचा कसा? विद्यापीठानं शेवटची मुदत दिली, तरी यांचे प्रयोग पंगतीत चालू. एकदा वाढप्याला हाक न मारता त्यांनी शेजाऱ्याच्या कानात "मीठ" सांगून निरोप पुढे पाठवला. सात पानांनंतर मठ्ठा आला. तो पिऊन ते म्हणाले, "तिसऱ्या माणसात बिघाड आहे." तिसरा माणूस नवरीचा मामा होता, आणि तो अजून रुसलेला आहे.

साडूंच्या पद्धतीत प्रत्येक यंत्रानं बाकी सगळ्यांचा ठावठिकाणा जवळ बाळगायचा असे. त्यामुळे यंत्रं "मी इथं, तू कुठं" एवढंच बोलत बसत आणि खऱ्या निरोपाला उसंतच मिळत नसे. एका रविवारी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून नंदनवन वस्तीत एक घर शोधत होतो. चौघांनी चार दिशा छातीठोकपणे दाखवल्या. पाचवी फुटाणेवाली म्हणाली, "मले नाही माहीत गा. पण तो सायकलवाला तिकडूनच येऊन राहिला, त्याले विचार."

साडूंनी स्कूटर बंद केली. "ऐकलं? गरज पडली का विचाराचं, अन् जो तिकडून आला त्याचं ऐकाचं. मी काहून सगळ्यायचे पत्ते घेऊन बसलो?" आम्ही त्यांच्या मुलीसाठी स्थळ बघायला निघालो होतो, हे त्यांना घरी परतल्यावर आठवलं.

प्रबंधाच्या परीक्षेच्या दिवशी साडू कॉलेजात होते, परीक्षक आणि मी हिंगणा रस्त्यावर, आणि मधे यंत्रं बांधलेल्या चार स्कूटर हिंडत होत्या. त्यातला एक पठ्ठ्या तर्री-पोहे खायला गल्लीत शिरला आणि निरोप अडला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात निरोपानं विचारत विचारत दुसऱ्या स्कूटरवरून वाट काढली आणि आमच्याजवळच्या यंत्राच्या कागदी पट्टीवर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: "पोचलो का?" परीक्षकांनी स्वतः उत्तर धाडलं. मी कॉलेजात परतलो तर साडू पट्टी धरून बसलेले. "चष्म्यातून दिसून नाही राहिलं, तुम्ही वाचा."

मी वाचलं, "पोचलात, डॉक्टर."

ती यंत्रं आता कॉलेजच्या कपाटात आहेत. अजून कोणाला त्यांची गरज पडलेली नाही, आणि निवृत्त झालेले साडू दर महिन्याला जाऊन ती पुसतात, हे पाहून मला वाईट वाटतं. त्यांना नाही वाटत. "पडन गरज," ते म्हणतात, "मी असो का नसो, पडन."