न थबकणारा लेखनिक

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पिंप्राळ्यातल्या एका शाळेत दहावीला गणित शिकवत होते. वर्गात एक मुलगी होती. लहानपणीच्या आजारानंतर तिच्या बोटांत पेन ठरत नसे. डाव्या हाताचं मधलं बोट तेवढं कामाचं. डोकं तल्लख, जीभ त्याहून. सहामाहीला ती उत्तरं सांगेल आणि मी लिहीन असं ठरलं. तिला पैकीच्या पैकी मिळाले आणि तिथेच पंचाईत झाली.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, तुम्ही काही सांगितलंत का? एक शब्दही नाही, असं मी ठणकावून सांगितलं. बाहेर आल्यावर मुलीने खुलासा केला.

"मॅडम, तुम्ही सांगत नाही. पण माझं चुकलं की तुमचा पेन थबकतो. मग मी बदलते."

पूर्वपरीक्षेला माझं नाव कटलं. नियमाप्रमाणे खालच्या वर्गातली लेखनिक मिळाली असती, पण सरावात त्या लेखनिकेने वर्गमुळाचं छप्पर अख्ख्या समीकरणावर घातलं. मुलगी म्हणाली, मला मदत नको, फक्त हात हवा.

मला याद्या करायची सवय आहे. दहावीच्या गणितात लागणाऱ्या चिन्हांची यादी केली, एकतीस भरली. ती घेऊन स्टेशन रोडवरच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडे गेले. त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक कळ दाबली की अपूर्णांकाची आडवी रेघ यायची आणि कर्सर तिच्यावर जाऊन बसायचा, दुसरीने वर्गमूळ, तिसरीने वर्ग. 'म्हणून'चे तीन ठिपके काही त्या मशीनमध्ये नव्हते. त्यांच्यावाचून अडेल का, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, अडेल. मुलगी म्हणाली, नाही. शेवटी एक टिंब आणि त्यापुढे विसर्ग यावर तडजोड झाली. दोन महिन्यांत ती त्या एका बोटाने सटासट उदाहरणं मांडू लागली.

मुख्याध्यापकांनी अट घातली. त्यांच्यासमोर पाच गणितं सोडवायची. काम तिचंच आहे अशी खात्री पटली, तरच पूर्वपरीक्षा कॉम्प्युटरवर.

ठरल्या दिवशी आम्ही चपला बाहेर काढून क्लासमध्ये शिरलो. सरांनी मशीनला हळदीकुंकू वाहिलं होतं. मुख्याध्यापकांनी आधी स्वतः कळा शोधत सात गुणिले आठ बरोबर असं टाइप केलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. कर्सर लुकलुकत राहिला.

"येत नाही याला?"

"सर, त्याला पाढे येत नाहीत," मुलगी म्हणाली. "मला येतात. विचारा."

त्यांना हायसं वाटलं, पण मशीन त्यांच्या मनातून थोडं उतरलं ते उतरलंच.

पहिली दोन गणितं सुरळीत झाली. तिसऱ्यात पद पलीकडे नेताना ती चिन्ह बदलायला विसरली. मी फक्त पदर सारखा केला. बांगड्या वाजल्या, आणि तिचं बोट तडक खोडायच्या कळीवर गेलं.

मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बाकावर तिचे आबा चपला राखत बसले होते. धुळ्याकडचे शेतकरी. त्यांनी हलकेच विचारलं, "बाई, डोकं पोरनं शे का मशिननं?" पोरीचंच, मी म्हटलं. आतून प्रिंटरची करकर आली आणि आम्ही दोघेही उठून उभे राहिलो.

मुख्याध्यापक कागद फडकवत बाहेर आले. पाचवं गणित चुकलं होतं, आणि ते भलतेच खूश होते. "वजाबाकीत घोटाळा केलाय. मशीनने तो जसाच्या तसा छापलाय. काम हिचंच आहे. बसू दे परीक्षेला."

मुलीचा चेहरा पडला होता. तिला पाचही हवी होती. आबा म्हणाले, "पोर चुकनी, बरं जयं." 'बरं झालं' म्हटल्याबद्दल रिक्षापर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही.

पूर्वपरीक्षेच्या सकाळी माझ्या यादीत पहिली नोंद होती: बांगड्या घरी ठेवणे. ठेवल्याही. तरी मुख्याध्यापकांनी मला वरच्या मजल्यावर नववीच्या भूगोलाला नेमलं.

तिचे आठ गुण गेले. कुठे कुठे गेले ते तिने पेपरावर बोट ठेवून मला दाखवलं. प्रत्येक ठिकाणी मी थबकले असते.