स्पीतीचा लामा आणि आमची आंघोळ

"मेला! अरे, मेला! ऐकताय का कोणी? लामा मेला!"

आई हॉलमधून ओरडत होती. माझ्या आईचा आवाज असा, की इंद्रपुरीपलीकडच्या कारखान्याचा भोंगा बिघडला तर तिला नोकरी लागेल. भोपाळातल्या आमच्या बाग सेवनिया वस्तीतली निम्मी कुत्री गप्प झाली आणि उरलेली निम्मी रडायला लागली. मी बाल्कनीत बायकोच्या सॅकमध्ये गव्हाच्या पिठाच्या पिशव्या कोंबत होतो. हातातली पिशवी फुटली. पांढराफटक होऊन मी आत धावलो, तर आईला वाटलं, बातमी ऐकूनच माझा रंग उडाला.

"कोण मेला, आई?"

"तुमचा तो लामा! म्हातारा! मेमे!"

मेमे म्हणजे हिमाचलातल्या स्पीतीकडच्या बोलीत आजोबा. तिथल्या ज्या गावात आमचा मुक्काम ठरला होता, त्या होमस्टेवाल्याचे हे चुलत आजोबा, गावातले सगळ्यात वयस्कर लामा. बायकोचं आणि त्यांचं फोनवर असं जमलं होतं, की ती माझ्याशी वर्षभरात बोलते त्याहून जास्त त्यांच्याशी एका रविवारी बोलायची. घरातली पूजेची खोली स्वतः उघडून दाखवीन, लोण्याचा दिवा तुझ्या हातानं लावायला देईन, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं.

आणि बायकोसाठी हा ट्रेक म्हणजे हौस नव्हती. तिच्या गुडघ्यांचे फोटो बघून डॉक्टर म्हणाले होते, "डोंगर चढायचे असतील तर यंदाच चढा. पुढच्या वर्षी गुडघे बदलू." त्या दिवसापासून तिनं घराचा बेसकॅम्प केला. ट्रेक 'मॉडरेट' होता. मॉडरेट म्हणजे बकरीला सोपा, माणसाला अवघड आणि माझ्यासारख्याला परलोकाचा शॉर्टकट. या गावातून त्या गावात, रोज थोडं चालायचं, रात्री कुणाच्या तरी घरी चुलीपाशी बसायचं. त्याच्या सरावासाठी ती रोज पहाटे पाठीवर पीठ घेऊन मिसरोदपर्यंत चालायची. वाटेतल्या कॉलनीतल्या एका काकूंनी मला थांबवून हळूच विचारलं होतं, "भैया, भाभीजी रोज मायके जाती हैं और नाश्ते तक लौट आती हैं, सब ठीक है ना?"

तर असा हा ट्रेक, आणि लामा मेला.

बायको स्वयंपाकघरातून आली. हातात लाटणं तसंच. "आई, नीट सांगा. काय म्हणाला तो होमस्टेवाला?"

"काय म्हणणार? फोन मी उचलला. खरखर खरखर. आधी मेमे मेमे केलं, मग म्हणाला, लामा मेला. दोनदा म्हणाला! वर हसत होता मेला! घरचं म्हातारं माणूस गेलं तर 'वारले' म्हणायचीसुद्धा रीत नाही या लोकांत."

आई गेल्या वर्षी कराडकडच्या आमच्या गावाहून भोपाळला आली. हिंदी तिला येत नाही, पण भाजीवाल्याशी ती मराठीत भांडते आणि जिंकते. म्हणून तिनं सांगितलेलं आम्ही भाषांतर म्हणूनच ऐकलं. स्पीतीच्या डोंगरातला माणूस भोपाळला फोन करून शुद्ध मराठीत का बोलेल, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. धक्का बसला की बुद्धी आधी पळते आणि चपला मागे राहतात.

बायको सोफ्यावर टेकली. "त्यांच्याकडे सात आठवडे विधी चालतात," ती म्हणाली. "घर बंद राहणार. मग बर्फ पडेल. रस्ता बंद."

आणि पुढच्या वर्षी गुडघे, हे ती बोलली नाही.

"आधी आंघोळ," आई म्हणाली. "ज्याच्या घरी उतरणार, ते आपलंच माणूस. तिघांनी डोक्यावरून घ्या. गीझर लावायचा नाही."

मी म्हणालो, "अगं, लामाचं सुतक आपल्याला कसं?"

"तू मला धर्म शिकवतोस? पीठ बघ अंगावर! भूत दिसतोयस!"

टाकीतलं पाणी इतकं गार होतं, की स्पीतीची नदी पाइपातून थेट आमच्या बाथरूममध्ये सोडली आहे असं वाटलं. पहिल्या तांब्याला मला तिबेटी मंत्र सुचला, दुसऱ्याला माझे पूर्वज दिसले. डोकी निथळत आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो आणि मी समाचाराला फोन लावला. स्पीकरवर.

"भाई," मी जड आवाजात म्हणालो, "खबर मिली। बहुत दुख हुआ।"

पलीकडून होमस्टेवाला म्हणाला, "दुख क्यों सर? यह तो खुशी का मौका है।"

मी बायकोकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "बघा. मृत्यूकडे कसं पाहतात ही माणसं."

"सब अचानक हो गया?" मी विचारलं.

"अचानक कहाँ सर! पूरा गाँव साल भर से राह देख रहा था।"

आईच्या हातातला टॉवेल खाली पडला. "साल भर?" ती कुजबुजली. "बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघत होते?"

"तो अब... आगे?" मी कसंबसं म्हणालो.

"आगे दो दिन नाच है। ढोल, तुरही, मुखौटे। दूर-दूर से लोग आएँगे। खाना-पीना सब अपने घर पर।"

मला घाम फुटला. गार पाण्यानं आंघोळ करून घाम फुटलेला हिंदुस्थानातला मी पहिलाच इसम असेन. आमच्या गावी तेराव्याला लाडू वाढतात, तेवढंच मला फार वाटायचं. इथं ढोल!

"और मेमे?" बायकोनं विचारलं. "मेमे कहाँ हैं अभी?"

"मेमे? मेमे तो नाच में सबसे आगे रहेंगे, दीदी।"

"आगे? कैसे?"

"दो लड़के दोनों तरफ़ से पकड़ के लाएँगे। पोशाक बहुत भारी है ना। फिर मेमे को गरमी भी लगती है।"

आईनं किंकाळी फोडली. मी आजवर वाघाची डरकाळी ऐकली आहे, निदान तशी बढाई मारली आहे, पण ही किंकाळी ऐकून वाघानं राजीनामा दिला असता. "नाचवतात! मढं नाचवतात! अगं सूनबाई, सोड तो नाद, कुठं जातेयस तू!"

"गरमी?" बायको मात्र तिथंच अडकली होती. "गरमी लगती है? किसको?"

"मेमे को। रुको, यहीं बैठे हैं, बात कर लो।"

आणि फोनमधून खरखरीत, मजेदार, अगदी चालता-बोलता आवाज आला, "जुले! जुले बेटी! मेला देखने आओगी ना?"

माझ्या हातून फोन सुटला. तो पिठातून घसरत सोफ्याखाली गेला आणि लामा तिथूनही नमस्काराचं "जुले, जुले" करत राहिले. आई भिंतीला टेकून रामरक्षा म्हणायला लागली. बायको फरशीवर पालथी झोपली आणि सोफ्याखाली तोंड घालून जिवंत लामांशी बोलू लागली. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय, मला कळेना.

हळूहळू उलगडलं. लामांचा मेला, म्हणजे जत्रा. मुखवटे घालून गोम्पात, म्हणजे त्यांच्या मठात, नाच होतो, तो नेमका आमच्या मुक्कामाच्या दिवसांत आला होता, आणि तेच सांगायला बिचाऱ्या होमस्टेवाल्यानं सकाळी फोन केला होता.

"मग जत्रा म्हणायला तोंड दुखतं का त्याचं?" आई म्हणाली. "मी एका जिवंत माणसाच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं! आता त्याचं आयुष्य वाढलं म्हणा."

पण फोनमध्ये अजून एक गोष्ट होती. जत्रेमुळे घर पाहुण्यांनी भरलंय. आमच्यासाठी धरून ठेवलेली खालची खोली कुणा आजारी म्हातारीला दिली. आता उरली ती गच्चीजवळची खोली, आणि तिथं जायला लाकडी शिडी.

फोन ठेवला. खोलीभर पीठ आणि पाणी. आई मला खुणावत होती, आता तरी बोल. मीही गंभीर झालो, जे मला वर्षातून एकदा जमतं.

"शिडी आहे," मी बायकोला म्हणालो. "दिवसातून चार वेळा चढावी लागेल. गुडघ्यांचं काय करणार? नीट विचार कर."

ती ओले केस पुसत होती.

"गुडघे उतरताना दुखतात," ती म्हणाली. "चढताना नाही."