आजचे वाचक

सदर भागातल्या आमच्या मिशन वाचनालयात एक म्हातारे काका रोज सकाळी येत. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत, शेवटच्या पानापासून पेपर वाचत, आणि बातमी पटली नाही की पेपरालाच दटावत, "काहून गा, खोटं बोलून राहिला?" मला ते 'पाद्रीबुवा' म्हणत. मी तिथला नुसता दाराशी बसणारा होतो.

शुभवर्तमानाकडे किती लोक येतात ते रस्त्यावरूनच दिसावं, म्हणून मी दारावर क्रिकेटच्या धावफलकासारखी पाटी लावली: 'आजचे वाचक'. माणूस आत आला की मी उड्या मारत आकड्याचा पत्रा बदलायचो.

ते आले, मी पत्रा चढवला. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला.

"मले नको मोजू. मी काटोलचं संत्रं आहो काय?"

"काका, उद्या मोठे पाद्री पाहायला येणार आहेत!"

"येऊ दे. मी पेपर वाचाले येतो, तुह्या पाटीसाठी नाही."

दुसऱ्या दिवशी ते पेपर घेऊन बाहेर पायरीवर उन्हात बसले. बाकीचे नेहमीचे वाचकही त्यांच्या शेजारी टेकले. पाटीवर शून्य, आणि समोर मोठे पाद्री रिक्षातून उतरत होते.

"काका, आत या ना!" मी काकुळतीला आलो.

"पाटी काढ, मंग येतो."

पाद्रींच्या देखत मी स्टुलावर चढून पाटी उतरवली. सगळे आत जाऊन पंख्याखाली बसले.

"मग, किती येतात रोज?" पाद्रींनी मला विचारलं.

पेपरामागून उत्तर आलं, "आलो ना गा आम्ही!"