अक्षरं परत वाचणाऱ्या मॅडम

"स्क्रीनले इचार ना, मले कायले इचारून राह्यली?" असं म्हणत मॅडम मॉनिटरच्या काचेवर बोटाने टकटक करायच्या.

लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या कॉम्प्युटर क्लासात त्या सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायच्या, मी त्यांच्या हाताखाली. आता त्या नाहीत. माझी नात विचारते, "आजी, तू खरंच सी शिकवायचीस?" शिकवायचे कमी, मिरवायचे जास्त. असं ध्यान तुम्हीही कुठेतरी पाहिलंच असेल: साडीला मॅचिंग टिकली, टिकलीला मॅचिंग पेन. पोरांच्या प्रोग्राममध्येही शीर्षक ठळक आणि लालच हवं, हा माझा हट्ट.

मॅडमची नजर मात्र अधू होत चालली होती. चष्म्याचा नंबर वाढला, मग नाक काचेला टेकू लागलं, मग तेही पुरेना. एकदा क्लासचे मालक स्पष्टच बोलले, "मॅडम, पोरायनं काय केलं थे तुम्हाले दिसत नाही. सोमवारी मी बाजूले बसतो. तपासून दाखवा, नाही तर मंग आराम करा."

"आराम करून काय करू?" मॅडम मला म्हणाल्या. "तुरीतले खडे तरी दिसतात का मले?"

टर्मिनलच्या विंडोत, म्हणजे स्क्रीनवर, छापलेलं अक्षर सीमध्ये त्याच जागेवरून परत वाचता येतं. त्याचंच एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, तोंडी सांगून माझ्याकडून लिहून घेतलं आणि त्यांनी ते प्रत्येक पोराच्या प्रोग्रामला जोडायला लावलं. बटण दाबलं की ओळीतलं एकेक अक्षर, एकेक आकडा मॅडमच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात बोलायचा. मोकळ्या जागेला "खाली". ओळख पटली नाही तर "कोन व्हय?"

सोमवारी मालक येऊन बसले. पहिला प्रोग्राम माझ्या लाडक्या विद्यार्थिनीचा, म्हणजे शीर्षक लालभडक. मॅडमनी बटण दाबलं.

"कोन व्हय? कोन व्हय? कोन व्हय?"

पोरं खिदळली. मालक म्हणाले, "हे तर तुम्हीच इचारून राह्यल्या, मॅडम!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काय लिवलं हाय तिथं?"

"यवतमाळ. इंग्रजीत."

"दिसते कसं?"

"ठळक. लाल." माझा आवाज टिकलीएवढा.

"अवो बाई, तू त्याले नटवून धाडलं! रंग अन् ठळकपणा अक्षराच्या संगंच परत येते. साज उतरव, निरं अक्षर घे."

कुठल्या ओळीत काय घालायचं ते त्यांनी तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. कंपाइल केलं. पुन्हा बटण.

"वाय. ए. व्ही. ए. टी. एम. ए. एल."

मॅडमनी खालच्या आकड्यांच्या ओळीही ऐकल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या, "बेरीज चुकली तुयी."

मालकांनी वाकून पाहिलं. चुकली होती. "चालू द्या," म्हणत ते उठले.

"गेले काय?" मॅडमनी हळूच विचारलं.

"गेले."

तेव्हा त्यांनी आपला हात माझ्या हातात दिला. गार पडलेला, थरथरणारा.

"धरून ठेव ना जरासा," त्या म्हणाल्या. "पोरायले दिसू देऊ नको."

मी तो पदराखाली घेतला.