मळ्यावर न गेलेले लाडू

सगुणाबाईंच्या हातून रडकं पोरही खातं, असं सुरगाण्याकडच्या त्या पाड्यावर सगळेच म्हणत. अंगणवाडीत त्या मदतनीस. चूल पेटवायची, पोरं गोळा करायची आणि त्यांची नाकं पुसता पुसता आयांना शिव्या घालायच्या, ही त्यांची नोकरी.

नाशिकहून डॉक्टर मोहिनीताई कुपोषणाच्या अभ्यासाला आल्या त्या भाताच्या आवणीत, ऐन पावसाळ्यात. तेव्हा अख्खा पाडा घरी असतो. नागलीचं पीठ, शेंगदाणे, गूळ, तेल यांचे लाडू करायचे आणि पोरांना समोर बसवून भरवायचे, एवढंच औषध. घरी दिला तर एक लाडू साऱ्या घरात वाटला जातो, हे ताईंनी बरोबर हेरलं होतं. सगुणाबाईंची नात हर्षाली म्हणजे नुसती हाडं अन् कातडी. दसऱ्यापर्यंत ती अंगणभर धावायला लागली. "बघा ओ ताई, माझी बेडकी कशी उड्या मारती!" म्हणत सगुणाबाईंनी तिची दृष्ट काढली.

ताईंचा अहवाल मुंबईला गेला आणि सरकारला कधी नव्हे ती घाई झाली. दिवाळीच्या आत आदेश आला. लाडू अंगणवाडीतच भरवायचे, बाहेर न्यायचे नाहीत.

दिवाळी झाली अन् मजुरांना न्यायला जिपा लागल्या. सगुणाबाईंचा मुलगा पुंजा आणि सून दिंडोरीकडं द्राक्षाच्या मळ्यात कामाला निघाले. हर्षाली अजून अंगावर पीत होती, तिला मागं कशी ठेवणार? सगुणाबाईंनी लाडवांचं गाठोडं जिपेत ठेवलं. तेवढ्यात तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, "हे चालणार नाही. पोर इथं बसून खाईल तरच."

आता बोला! सगुणाबाईंनी जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. पण हा नियम त्यांच्याच लाडवांवरून झालेला, त्यांच्याच नातीला उठवणारा. तो खोटा कसा असेल? त्यांनी आपल्या हातानं गाठोडं उतरवून घेतलं.

पाडा ओस पडला. पिठाची पोती येत राहिली, खायला तोंड नव्हतं. तिकडं सून दिवसभर द्राक्षांच्या मांडवाखाली आणि पोर बांधावर, चहात बुडवलेला पाव चघळत. माघात जुलाब लागले. पुन्हा वाळलेलं पोर, किती तग धरणार? पुंजानं तिला तिथंच मळ्याच्या कडेला पुरलं.

सून रिकाम्या हातांनी जिपेतून उतरली तेव्हा सगुणाबाईंनी ऊर बडवून घेतला. "मीच काढून घेतलं गं तिच्या तोंडचं, मीच!"

मोहिनीताईंना कळलं तेव्हा त्याही रडल्या. मग वर्षानुवर्षं त्यांनी मुंबईच्या खेपा घातल्या. अखेर नवा आदेश निघाला, की पोर जिथं जाईल तिथं लाडू जातील. सांगायला त्या स्वतः पाड्यावर आल्या.

"सगुणाबाई, मानलं त्यांनी. आता मळ्यावरसुद्धा भरवायचं."

"लय बरं झालं ताई," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले, ते पुन्हा भरले. "पोरं जगतील आता. आमची हर्षाली औंदा चौथीला असती."